व्हेटरनरीला जायचंय? मुंबईत राहून अर्जाची तयारी अशी करा

महाराष्ट्रात बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.च्या, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीच्या प्रवेशाला मुलाखत नाही, निबंध नाही, शिफारसपत्रही नाही. गुणवत्ता यादी लागते ती नीट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. त्यामुळे कुत्र्यामांजरांच्या शेल्टरमध्ये वर्षभर राबलेल्या मुलीला त्याचा एकही जादा मार्क मिळत नाही. हे आधीच स्पष्ट असलेलं बरं, कारण परदेशातल्या कॉलेजांबद्दलचे व्हिडिओ पाहून बरीच मुलं अकरावीत सर्टिफिकेटं गोळा करत बसतात आणि फिजिक्स मागे पडतं.

मग अर्ज भक्कम करायचा म्हणजे काय करायचं? नीटचे गुण, योग्य ठिकाणी वेळेत केलेली नोंदणी, पूर्ण कागदपत्रं आणि विचार करून भरलेला पसंतीक्रम. गुणांची काळजी सगळेच करतात. कागदपत्रांकडे मात्र निकाल लागल्यावर लक्ष जातं, आणि हातची जागा जाते ती बहुतेक वेळा तिथेच. म्हणून या लेखात कागदांना जास्त जागा दिली आहे. जनावरांच्या अनुभवाबद्दलही लिहिलं आहे. त्याचे मार्क नसले तरी तो घ्यायलाच हवा, त्याचं कारण पुढे येईल.

आधी पात्रता

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या प्रवर्गाला या चार विषयांत मिळून ५० टक्के लागतात आणि राखीव प्रवर्गांना थोडी सवलत आहे. चार विषयांत इंग्रजीही धरलं जातं, हे अनेकांना माहीत नसतं. बोर्डाच्या परीक्षेकडे पूर्ण पाठ फिरवून फक्त नीट करणाऱ्यांची एकूण बेरीज कधी कधी इथे अडते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. राज्यातली पशुवैद्यकीय कॉलेजं नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली, म्हणजे माफसूखाली येतात. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं आहे. त्याशिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्यातलं शिरवळ ही नावं पहिल्या दिवसापासून डोक्यात असू द्या. मुंबईच्या मुलांना परळच हवं असतं, आणि त्यामुळेच परळचा कट-ऑफ वर राहतो.

गुण: फिजिक्स सांभाळा, बायोलॉजी सोडू नका

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि १८० मिनिटं. त्यातले ९० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण बायोलॉजीचे आहेत. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला अधिक ४, चुकीला वजा १. दोघांचे एकूण गुण सारखे झाले की आधी बायोलॉजीचे गुण पाहिले जातात. व्हेटच्या कट-ऑफच्या आसपास एकेका गुणावर पुष्कळ मुलं असतात, त्यामुळे बायोलॉजीतला एक जादा बरोबर प्रश्न दुहेरी कामाला येतो.

बायोलॉजी एनसीईआरटीमधून ओळीओळीने करा. राज्य मंडळाच्या मुलांनी बोर्डाच्या पुस्तकावर विसंबून राहू नये. दोन्ही पुस्तकांत धडे सारखे दिसतात, पण उदाहरणं, आकृत्यांमधली नावं आणि अपवाद वेगळे असतात, आणि प्रश्न नेमके तिथूनच येतात. नीट मराठीतही देता येते. तरी अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीत शिकला असाल तर पेपर इंग्रजीतूनच द्या. मराठी भाषांतरातल्या पारिभाषिक संज्ञा पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये वाचायची वेळ आली की मिनिटं जातात. शिवाय भाषांतरात शंका निघाली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात.

फिजिक्समध्ये सगळं येणं गरजेचं नाही. करंट इलेक्ट्रिसिटी, मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर, थर्मोडायनॅमिक्स, युनिट्स आणि डायमेन्शन्स हे थेट सूत्रावरचे धडे आधी पक्के करा, रोटेशनसारखे धडे नंतर घ्या. मागच्या दहा वर्षांचे पेपर वेळ लावून सोडवा. प्रत्येक पेपरनंतर चुकांच्या वहीत तीन कप्पे करा: येत नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, आणि अंदाज मारला. दोन महिन्यांनी दुसरा कप्पा बहुतेकांचा सर्वांत मोठा निघतो. नवा धडा उघडून तो कमी होत नाही. त्यासाठी प्रश्न पूर्ण वाचायची आणि एकक तपासायची सवय लावावी लागते.

अंदाजाचं गणितही एकदा मांडून पाहा. चारही पर्याय अनोळखी असताना ठोकलेल्या उत्तराची सरासरी कमाई पाव गुण आहे, म्हणजे जवळपास काहीच नाही. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं तर ती पाऊण गुणाच्या आत राहते. दोन पर्याय कटले तर दीड गुण. म्हणून दोन पर्याय कटले की उत्तर द्या. एकही कटत नसेल तर सोडा, कारण त्या पाव गुणासाठी गेलेलं मिनिट दुसरीकडे चार गुण देतं. मिनिटांचा हिशेब साधारण असा ठेवा: बायोलॉजी ४५ ते ५०, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६० ते ६५, बाकीची ओएमआर उत्तरपत्रिका पडताळायला. गोळे शेवटी एकदम भरू नका, पानागणिक भरा.

नोंदणी दोन ठिकाणी, दोन्ही वेगळ्या

सर्वांत वाईट चूक अशी: नीट दिली, राज्याच्या सीईटी सेलवर एमबीबीएस-बीडीएससाठी नोंदणी केली, आणि व्हेटरनरी त्यातच असेल असं धरून चालले. तसं नाही. राज्याच्या जागांसाठी माफसूच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो. याशिवाय देशभरातल्या पशुवैद्यकीय कॉलेजांमधल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद, म्हणजे व्हीसीआय, ऑल इंडिया कोट्यातून भरते, तीही नीटच्याच गुणांवर. तिची नोंदणी आणि फी वेगळी, वेळापत्रकही वेगळं. नीटचा निकाल लागला की दोन्ही संकेतस्थळं रोज सकाळी उघडून पाहायची. एसएमएस येईल म्हणून थांबायचं नाही.

दोन्हीकडे अर्ज करावा का? करावा. ऑल इंडिया कोट्यातून लुधियाना, हिसार, नामक्कल, आणंद अशा नावाजलेल्या ठिकाणी जाता येतं. घरापासून लांब राहायची तयारी असेल तर ही संधी सोडू नये.

नीटचा फॉर्म भरतानाच एक गोष्ट तपासा. राज्याच्या ओबीसी यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. केंद्राच्या यादीत नसेल तर नीटच्या फॉर्ममध्ये ओबीसी लिहू नका. राज्याच्या प्रवेशात राज्याचा प्रवर्ग माफसूच्या अर्जात स्वतंत्रपणे मागता येतो. आणि ऑल इंडिया कोट्यासाठी ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्याचा नमुना तिथे चालत नाही आणि केंद्राचा इथे चालत नाही, म्हणून दोन्ही काढून ठेवा.

कागदपत्रं: अकरावीच्या दिवाळीत सुरुवात करा

डोमिसाईलपासून, म्हणजे अधिवासाच्या दाखल्यापासून सुरू करू. महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करा. शहर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे, तर उपनगराचं वांद्रे पूर्वेला. सायनच्या पुढे राहणारे आणि माहीमच्या पुढे राहणारे उपनगर जिल्ह्यात येतात. मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांची अडचण ठरलेली असते: १५ वर्षांत चार घरं बदललेली आणि करारनामे नाहीत. अशा वेळी बालवाडीपासूनचे सलग शाळेचे दाखले सर्वांत उपयोगी पडतात, म्हणून शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचा बोनाफाईड आत्ताच काढा. दहावी किंवा बारावी महाराष्ट्राबाहेर झाली असेल तर माहितीपुस्तिकेतल्या अटी अर्जाच्या आधी वाचून घ्या.

आता कास्ट व्हॅलिडिटी. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांची खरी परीक्षा हीच. आधी जातीचा दाखला, मग त्याची वैधता. आजोबा-पणजोबा मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवलेल्या तारखेला जिथे राहत होते, तिथल्या तालुक्यातून दाखला निघतो. मानीव दिनांक अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा, जातीची नोंद असलेला एक तरी कागद वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकाचा हवा. आईच्या बाजूचा चालत नाही.

परळ-लालबागच्या चाळीत तीन पिढ्या राहिलेल्या घराचे कागद म्हणूनच संगमेश्वरला किंवा खटावला शोधावे लागतात. काय शोधायचं? आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह. गावातली जुनी जन्म-मृत्यू नोंद, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक, तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळते. जुन्या नोंदी मोडीत असतात. त्या अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्याव्या लागतात. मुंबई महापालिकेच्या शाळेत शिकलेल्या आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' किंवा 'मराठी' असं असेल तर त्याचा उपयोग नाही, दुसरा कागद शोधावा लागेल. सख्ख्या काकांकडे, आत्याकडे किंवा चुलत भावाकडे आधीच व्हॅलिडिटी असेल तर निम्मं काम झालं: तिची प्रत, वंशावळीचं शपथपत्र आणि नातं सिद्ध करणारे दाखले जोडा.

प्रस्ताव ऑनलाइन भरून, बारावी सायन्सला असताना कॉलेजच्या पत्रासह, दाखला ज्या जिल्ह्याने दिला त्या जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जातो. महिनोन्‌महिने लागू शकतात. त्रुटी निघाली तर समिती पोर्टलवर कळवते, आणि तो संदेश न पाहिल्यामुळे प्रस्ताव तसाच पडून राहतो. दर आठवड्याला स्थिती तपासा. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत आणि तिथे गृहचौकशीही होऊ शकते, म्हणून त्यांनी दहावीनंतर लगेच सुरुवात करावी.

नॉन क्रिमी लेअरवरची तारीख डोळ्यांत तेल घालून वाचा. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणार, त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं. २०२७-२८ या शैक्षणिक वर्षात प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२८. मागच्या वर्षी भावंडासाठी काढलेलं चालेल असं गृहीत धरू नका.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव येतं, आधारवर आधी स्वतःचं नाव. एवढा क्रम बदलला तर कोणी फारसं अडवत नाही. पण स्पेलिंगमधला फरक, वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर, आईचं नाव माहेरचं, अशा गोष्टी पडताळणीच्या खिडकीवर अडकतात. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना आणि आधार, बँक खातं, नीटचा फॉर्म त्याप्रमाणे करून घ्या. आधारची दुरुस्ती नीटच्या फॉर्मच्या आधी व्हायला हवी, नंतर केली तर दोन वेगळी नावं कागदावर राहतात. नाव मुळातच बदललं असेल तर राजपत्राची प्रत ठेवा.

बाकी यादी नेहमीची: नीटचं स्कोअरकार्ड आणि प्रवेशपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वैद्यकीय दाखला, वर्ष खाली गेलं असेल तर त्याचं शपथपत्र. प्रत्येकाची सुवाच्य पीडीएफ करा. मोबाइलने काढलेल्या फोटोत शिक्का फिका दिसला तर अर्ज त्रुटीत जातो, म्हणून दहा रुपये देऊन स्कॅनच करून घ्या.

जनावरांजवळ जा, मार्क नसले तरी

मुंबईतल्या बहुतेक मुलांचं जनावर म्हणजे कुत्रा आणि मांजर. अभ्यासक्रम मात्र म्हैस, गाय, शेळी, कोंबडी, डुक्कर आणि घोड्यावर उभा आहे. पहिल्याच वर्षी फॉर्मलिनमधलं मोठं जनावर समोर येतं. पुढे शवविच्छेदन, मांस तपासणी, कत्तलखान्याची भेट हे सगळं अभ्यासाचाच भाग आहे. घरी कडक शाकाहार असेल तर ही गोष्ट आईवडिलांशी आधी बोला. दुसऱ्या वर्षी 'हे मला जमणार नाही' असं कळण्यापेक्षा अकरावीच्या सुट्टीत कळलेलं फार चांगलं. अनुभव घ्यायचा तो यासाठी.

शहरात जागा आहेत. परळलाच, कॉलेजच्या शेजारी, १८८३ चं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. गोरेगावच्या आरे कॉलनीत आणि जोगेश्वरीकडे म्हशींचे तबेले आहेत, तिथे मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा अशा म्हशी पाहायला मिळतात. तुमच्या भागातलं खासगी क्लिनिक सर्वांत सोपं. कोणाकडेही जाताना 'मला प्राणी आवडतात, काही शिकता येईल का' असा मोघम प्रश्न नेऊ नका. डॉक्टरांना तुम्हाला कुठे उभं करायचं तेच कळत नाही. असा निरोप पाठवा:

'नमस्कार डॉक्टर. मी अकरावी सायन्सला आहे, बी.व्ही.एस्सी. करायचं आहे. मे महिन्यात शनिवारी आणि रविवारी सकाळी ९ ते १२ तुमच्या क्लिनिकमध्ये येऊन काम पाहायची परवानगी मिळेल का? साफसफाई, पिंजरे धुणं, नोंदी लिहिणं असं काहीही करेन. जनावराला हात तुम्ही सांगाल तेव्हाच लावेन. रेबीजची लस घेतली आहे. आईवडिलांचं संमतिपत्र सोबत आणेन.'

दिवस ठरलेले, काम ठरलेलं आणि लस घेतलेली. या तीन गोष्टी वाचून होकार येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. होकार आला की ठरल्या वेळेला पोहोचा आणि मालकाला विचारल्याशिवाय कोणाच्या जनावराचा फोटो काढू नका.

लसीचं खरंच मनावर घ्या. चावण्याआधी घ्यायची रेबीजची लस दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८ अशा तीन डोसांत देतात, म्हणजे सुरुवातीच्या महिनाभर आधी ठरवा. धनुर्वाताचा डोसही तपासून घ्या. लस घेतली असली तरी कुत्रा चावला किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आधी लस झाली असेल तर दिवस ० आणि ३ असे दोनच डोस लागतात. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. पावसाळ्यात तबेल्यात लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्यामुळे गमबूट घातल्याशिवाय आणि पायाला जखम असताना शेणपाण्यात उतरू नका. व्यालेल्या म्हशीचा जार, म्हणजे वार, उघड्या हाताने उचलू नका आणि कच्चं दूध पिऊ नका, ब्रुसेलोसिस हा आजार असाच माणसाला होतो.

तबेल्यात गेल्यावर म्हशीच्या मागून जाऊ नका. तिला दिसेल असं, बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जा. गाय-म्हैस लाथ बाजूला फिरवून मारते, म्हणून मांडीच्या बाजूला थोडं लांब उभं राहिलात तर ती जोरात लागते. उभं राहायचं तर अगदी खेटून किंवा लाथेच्या टप्प्याबाहेर, मधे नाही. मालकाने परवानगी दिली तर एक गोष्ट करून पाहा. डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागे जो खळगा दिसतो त्यात मूठ घट्ट दाबून ठेवा आणि घड्याळ बघा. आधी काही जाणवत नाही. मग आतून काहीतरी हळू वर येतं, मुठीला बाहेर ढकलतं, आणि परत बसतं. ते पोटाचं, म्हणजे रुमेनचं आकुंचन. निरोगी जनावरात दोन मिनिटांत साधारण दोन ते तीन वेळा होतं. एकदाही झालं नाही, जनावर रवंथ करत नाही आणि वैरणीकडे बघत नाही, तर डॉक्टरला फोन जायला हवा. हे मोजायला यंत्र लागत नाही, थोडी सबुरी लागते.

क्लिनिकमध्ये थर्मामीटर हातात आला तर लक्षात ठेवा, निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माणसात जो ताप, तो इथे ठणठणीतपणा. अंग गरम लागतंय म्हणून मालक पॅरासिटामॉल देऊन मांजर घेऊन येतात. मांजराला ती गोळी विषारी आहे, कारण ती निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. अशी एकेक केस वहीत उतरवा: तारीख, ठिकाण, जनावर, किती तास, काय पाहिलं, डॉक्टरांनी तसं का केलं. महिन्याच्या शेवटी त्यावर डॉक्टरांची सही घ्या.

एक मर्यादा मात्र पाळा. शेल्टरमध्ये माणसं कमी असतात आणि 'तूच दे इंजेक्शन' असं कोणी सहज म्हणतं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. धरून ठेवा, पट्टी पुढे करा, नोंद लिहा. सुई हातात घेऊ नका.

परदेशात अर्ज करायचा असेल तर

तिथे हीच वही सोन्याची ठरते. ब्रिटनमधला अर्ज यूकास या तिथल्या सामाईक अर्ज-यंत्रणेतून जातो, व्हेटरनरीची मुदत १५ ऑक्टोबर असते, आणि पाचपैकी फक्त चार पर्याय व्हेटरनरीचे भरता येतात. २०२६ च्या प्रवेशापासून तिथला निबंध एकसलग राहिला नाही. तीन प्रश्नांची उत्तरं मिळून ४००० अक्षरांत लिहायची आहेत. अमेरिकेत बारावीनंतर थेट जाता येत नाही, आधी ठरावीक विषयांसह कॉलेजची वर्षं लागतात. तिथल्या अर्जात पशुवैद्यकाच्या देखरेखीखालचे तास आणि नुसते जनावरांसोबतचे तास वेगळे मोजतात, म्हणून वहीत दोन रकाने पहिल्यापासून ठेवा. आरेतल्या तबेल्यातले तास तिथे फार बोलतात, कारण कुत्र्यांच्या क्लिनिकचे तास प्रत्येकाकडे असतात. पैसे भरण्याआधी ती पदवी भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे का ते तपासा. नसेल तर परत येऊन इथे प्रॅक्टिस करणं कठीण होईल.

पसंतीक्रम आणि राउंड

पसंतीक्रम भरताना मिळेल का याचा विचार करू नका, हवं कोणतं याचा करा. यंत्रणा वरून खाली बघत जाते. परळ पहिलं लिहिल्याने शिरवळची संधी कमी होत नाही. पण ज्या कॉलेजात जाणारच नाही ते यादीत लिहू नका. मिळालेली जागा नाकारल्यावर पुढच्या राउंडला बसता येतं की नाही, आणि अनामत रकमेचं काय होतं, याचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. ते पान छापून भिंतीला लावा.

पहिल्या राउंडला नाव आलं नाही म्हणून फाईल बंद करणारे खूप आहेत. एमबीबीएस, बीडीएसचे राउंड पुढे सरकतात तशा व्हेटरनरीच्या जागा रिकाम्या होतात आणि यादी खाली येते. शेवटच्या राउंडपर्यंत मूळ कागद, फोटो आणि फीचे पैसे तयार ठेवा. खात्यातून एका दिवसात किती रक्कम जाऊ शकते ती मर्यादाही बँकेत विचारून घ्या.

रिपोर्टिंगला हातात दोन-तीनच दिवस असतात, आणि मुंबईहून परभणीला देवगिरी, उदगीरकडे बिदरची गाडी, नागपूरला विदर्भ, सगळ्या आधीच भरलेल्या. शिरवळला रेल्वे नाही, स्वारगेटहून साताऱ्याकडची एसटी धरावी लागते. यादी लागायच्या आदल्या दिवशी तिकिटांचे पर्याय बघून ठेवा. निघताना मूळ कागदांची फाईल पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा, बर्थखालच्या बॅगेत नको. झेरॉक्सचे तीन संच वेगळे घ्या. आणि घरी कोणाकडे तरी सगळ्या कागदांच्या स्कॅनचा पेनड्राइव्ह देऊन ठेवा, म्हणजे उदगीरच्या खिडकीवर एखादा कागद मागितला तर तो तासाभरात मेलवर येईल.